बहिणाबाईंना चॅटबॉट कसा समजावून सांगाल? काल्पनिक संवाद लिहायची रीत, पायरी पायरीने

आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी वाचनकट्टा असतो, पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसतो आम्ही, आठ-दहा बायका, दोन-तीन रिटायर्ड काका आणि सुट्टी असेल तर शाळेतली पोरं. मागच्या वर्षी आम्ही एक गंमत सुरू केली, जुन्या साहित्यातलं एक माणूस घ्यायचं, आजच्या तंत्रज्ञानातली एक गोष्ट घ्यायची आणि दोघांची गाठ घालून संवाद लिहायचा. वाटतं तेवढं सोपं नाहीये हे. पहिले चार-पाच संवाद इतके खोटे झाले होते की वाचताना आमचंच मन लागेना. मग हळूहळू जमत गेलं, काय चुकत होतं ते कळत गेलं, आणि आता बऱ्याच जणी विचारतात की नेमकं कसं करता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. उदाहरण म्हणून बहिणाबाई चौधरी आणि चॅटबॉट ही एकच जोडी शेवटपर्यंत घेतेय, म्हणजे प्रत्येक पायरी हातात धरून बघता येईल.

आधी एक सांगते, हा प्रकार आपल्याकडे काही नवा नाही. जोतीराव फुल्यांची १८७३ ची 'गुलामगिरी' संवादातच आहे, जोतीराव आणि धोंडीबा बोलतायत, धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उलगडून सांगतात. त्याच्या तीनशे वर्षं आधी एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचं भांडण लावून दिलं आणि शेवटी दोघांचं मन मिळवलं. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोनं आपलं बरंचसं तत्त्वज्ञान सॉक्रेटिसच्या तोंडून संवादात मांडलं. म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसवली की विचार चालायला लागतो हे माणसाला फार पूर्वीच कळलंय.

पायरी १: माणूस एकच घ्या, आणि त्याच्याकडे यंत्राबद्दल बोलण्यासारखं काही आहे का ते आधी बघा

नवीन लिहिणारे हमखास एक चूक करतात, सगळ्यात मोठं नाव उचलतात. ज्ञानेश्वर, तुकाराम, शेक्सपिअर सगळे एकाच टेबलावर, आणि मग प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन वाक्यं. असं करू नका. एकच माणूस घ्या, आणि निवडताना बघा की त्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात तंत्रज्ञान कुठे तरी शिरलंय का.

बहिणाबाई मी का घेतल्या तर याचसाठी. २४ ऑगस्ट १८८० ला जळगावजवळच्या आसोद्याला जन्म, लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीतच कपाळ पांढरं झालं, आयुष्यभर शेतात आणि घरात राबल्या, ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी सुचायची ती कामात, घरोटावर म्हणजे जात्यावर दळताना, शेतात. ती कागदावर उतरवली सोपानदेवांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, जे स्वतः कवी होते, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. पुस्तक आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, बाई गेल्यानंतर.

आता नीट बघा, तंत्रज्ञानाचा प्रश्न इथे आपोआपच उभा आहे. ज्या बाईला एक अक्षर लिहिता येत नव्हतं तिचा शब्द आपल्यापर्यंत आला तो पेन्सिल, कागद आणि छापखाना या तीन यंत्रांवर बसून. आणि त्याहून मोठी गोष्ट, जळगावातल्या छापखान्यावर खुद्द बहिणाबाईंचंच गाणं आहे! त्यात त्या म्हणतात की कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा काटा आला अंगावर. म्हणजे यंत्र, ज्ञान आणि माणूसपण यांचा हिशोब या बाईनं आपल्या आधीच मांडून ठेवलाय, आपण फक्त तो पुढे न्यायचाय.

असा धागा सापडला तरच पुढे जा. नाही सापडला तर दुसरं माणूस शोधा, ओढून-ताणून केलेलं लगेच दिसतं.

पायरी २: शब्दांची वही करा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि सगळ्यात जास्त देते, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पुस्तक पेन्सिल हातात घेऊन पुन्हा वाचा, पण या वेळी अर्थ बाजूला ठेवा आणि फक्त वस्तू टिपा. बहिणाबाईंच्या वहीत माझ्याकडे काय काय आलं, घरोट, चूल, तवा, मोट, विहीर, नांगर, कपाशी, बोंड, सुगरणीचा खोपा, श्वास, पिकात शिरणारं ढोर. एवढंच जग आहे, आणि या एवढ्या जगात त्या जगण्या-मरण्यातलं अंतर एका श्वासाचं आहे इथपर्यंत पोचतात. मन सांगायचं तर पिकातलं ढोर, संसार सांगायचा तर चुलीवरचा तवा. म्हणजे या बाईचा विचार हातातल्या वस्तूतूनच वर जातो, अधांतरी कधीच सुरू होत नाही. संवाद लिहिताना हाच नियम पाळायचा. तुमच्या बहिणाबाई 'मानवी अस्तित्वाचा अर्थ' असं बोलल्या की संपलं. तसं काही सांगायचं असेल तर आधी वहीतली एक वस्तू उचला.

वस्तूंच्या खाली विचार करायची पद्धत टिपा. बहिणाबाईंचं एक गाणं आहे, कशाला काय म्हणू नये असं, त्यात त्या एकेक गोष्ट घेतात आणि तिचा गाभा नसेल तर तिला ते नाव द्यायचं नाकारतात. कपाशीशिवाय जे उललं त्याला बोंड म्हणू नये. उपाशी पोटी निजवते तिला रात्र म्हणू नये. द्यायच्या वेळी आखडला त्याला हात म्हणू नये. हे वाचल्यावर मी वही बंद करून बराच वेळ बसले होते, कारण चॅटबॉटबद्दल आपण आज जो प्रश्न विचारतोय, हे बोलतंय त्याला बोलणं म्हणायचं का, हे समजून घेतं त्याला समजणं म्हणायचं का, त्या प्रश्नाचा साचाच या बाईनं करून ठेवलाय. आपल्या माणसाकडे असा एखादा साचा असतोच, तो सापडेपर्यंत वाचत राहा.

भाषेचं एक सांगते. बहिणाबाईंची बोली खानदेशातली लेवा गणबोली, त्यात ळ चा य होतो, डोळ्याला डोया म्हणतात, जळगाव जयगाव होतं. माझी आजी यावल तालुक्यातली, तिच्या तोंडून ऐकलेलं कानात आहे, तरीसुद्धा मी संवाद त्या बोलीत लिहीत नाही. दोन-चार शब्द येतात तेवढेच. तुम्ही त्या बोलीत वाढला नसाल तर अजिबात नक्कल करू नका, सगळीकडे ळ काढून य टाकला की बोली होत नाही, त्या बोलणाऱ्या माणसांची थट्टा होते. साधी मराठी, छोटी वाक्यं, आणि वहीतल्या वस्तू, एवढ्यावर आवाज उभा राहतो.

आणि लय कानात बसवायची असेल तर ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कित्येक वर्षं गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आता त्या 'पारी' म्हणजे पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर आहेत, कित्येकींचे आवाज ऐकायला मिळतात. हेडफोन लावून अर्धा तास ऐकलं की वाक्य कुठे तोडायचं ते आपोआप कळतं.

पायरी ३: तुमचा माणूस कुठल्या साली बोलतोय ते ठरवा

हे थोडक्यात. बहिणाबाईंना मोबाइल माहीत आहे की नाही? ठरवा आणि मग बदलू नका. मी ठरवलं की त्या १९५१ पर्यंतच्याच आहेत, त्यांना जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आगगाडी, छापखाना माहीत आहे, पुढचं काही नाही, आणि समोर बसलेल्या पोरीनं त्यांना समजावून सांगायचं. मधेच त्यांनी 'डेटा' असा शब्द वापरला तर वाचणाऱ्याचा विश्वास जातो तो परत येत नाही.

पायरी ४: यंत्र त्यांच्या वस्तूंत समजावून सांगा

ही पायरी कोणी करत नाही आणि माझ्या मते संवादाचा जीव इथेच आहे. चॅटबॉट म्हणजे काय हे बहिणाबाईंना सांगायचंय, इंग्रजी शब्द एकही नाही, आणि सांगितलेलं खरं पण असलं पाहिजे.

आम्ही कट्ट्यावर यावर दोन शनिवार घालवले. आधी कोणीतरी म्हणालं, बोलणारा पोपट. पण ते चुकीचं आहे, पोपट ऐकलेलं तसंच्या तसं म्हणतो आणि हे यंत्र तर नवीन वाक्यं जुळवतं. मग एका सत्तरीतल्या काकूंनी सांगितलं, त्या लहानपणी आईबरोबर दळायला बसायच्या, समोरासमोर दोघी, एकीनं ओवीची पहिली ओळ घेतली की दुसरी पुढची उचलायची. इतक्या ओव्या कानावरून गेलेल्या असायच्या की पहिलीनं नुसतं तोंड उघडलं तरी दुसरीला पुढचा शब्द कळायचा. सगळे एकदम गप्प झालो आम्ही, कारण ते अगदी तेच आहे! या यंत्रात माणसांनी लिहिलेलं प्रचंड लिखाण घातलेलं असतं आणि त्यावरून ते आतापर्यंतच्या शब्दांपुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त ते बघत बघत एकेक शब्द पुढे टाकतं. जात्यावरची दुसरी बाई.

आता दुसरा भाग, उपमा कुठे तुटते ते शोधा. ती जिथे तुटते तिथूनच संवादाला खरं बोलणं मिळतं. काकूंनाच विचारलं की मग तुमच्यात आणि यंत्रात फरक काय. त्या म्हणाल्या, "अगं, मला माहीत असायचं ना की आज आईला तिच्या भावाची आठवण आलीय, मग मी ओवीत मामाचं नाव घालायची." झालं. आमचा अर्धा संवाद इथेच तयार झाला होता.

पायरी ५: प्रश्न लहान करा

'एआय चांगलं की वाईट' हा प्रश्न घेऊन बसलात तर निबंध स्पर्धा होते. प्रश्न असा हवा जो दोन माणसं ओट्यावर बसून एकमेकींना विचारतील. दळताना हात कोणाचा दुखतो? पीठ कोणाचं? गाणं कोणाला लागतं? असे.

आणि जुना वाद शोधून तो आज उलटा होतोय का ते बघा, यातून फार चांगले प्रश्न मिळतात. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस एक गोष्ट सांगतो, इजिप्तचा थ्यूथ नावाचा देव लेखनविद्या शोधून काढतो आणि मोठ्या कौतुकानं थामुस राजाला दाखवतो, की यानं लोकांची स्मरणशक्ती वाढेल, शहाणपण वाढेल. राजा म्हणतो उलट होईल, लोक विसरायला लागतील, बाहेरच्या खुणांवर विसंबतील, शहाणे न होता शहाणे दिसतील. मग सॉक्रेटिस पुढे म्हणतो की लिहिलेला शब्द चित्रासारखा असतो, जिवंत वाटतो पण काही विचारलं तर गप्प, किंवा पुन्हा पुन्हा तेच एक उत्तर. आता गंमत बघा, आज लिहिलेला शब्द उत्तर द्यायला लागलाय! विचारा तेवढ्या वेळा देतो, आणि प्रत्येक वेळी वेगळं. मग सॉक्रेटिसची तक्रार मिटली का? का आता वेगळी तक्रार करावी लागेल? हा प्रश्न मला अजूनही सोडत नाही. आणि सॉक्रेटिसनं स्वतः काही लिहिलं नाही, त्याची लेखनाविरुद्धची तक्रार आपल्यापर्यंत आली ती प्लेटोनं लिहून ठेवली म्हणून, बहिणाबाईंसारखंच. एक निरक्षर शेतकरी बाई आणि एक ग्रीक तत्त्वज्ञ, दोघांनाही दुसऱ्या कोणाच्या तरी हातानं वाचवलं.

पायरी ६: पहिला खर्डा, आणि उलटा प्रश्न

आता लिहायला बसा. दोनच पात्रं. एकमेकांना काय म्हणतात ते आधी ठरवा, आमच्यात पोरगी 'आजी' म्हणते आणि अहो-जाहो करते, बहिणाबाई तिला 'पोरी' म्हणतात. मधे 'ती हसून म्हणाली', 'विचारात पडली' असं काही घालू नका, बोलण्यातूनच कळू दे. आमच्या संवादातला एक तुकडा देते. यातलं सगळं बोलणं आम्ही कल्पलेलं आहे, बहिणाबाईंचं नाही.

पोरगी: आजी, हे बघा, याला सांगितलं की हे गाणं करून देतं. पेरणीवर म्हणा, पावसावर म्हणा.

बहिणाबाई: कोणी शिकवलं त्याला?

पोरगी: कोणा एकानं नाही. जगभरच्या माणसांनी लिहिलेलं त्यात ओतलं, ते दळून दळून त्याला पुढचा शब्द कळायला लागला.

बहिणाबाई: म्हणजे साऱ्या गावाचे दाणे एकाच घरोटात टाकले.

पोरगी: हो, तसंच.

बहिणाबाई: मग पीठ कोणाचं?

पोरगी: ज्यानं घरोट घेतलं त्याचं, असं चाललंय सध्या. त्यावर भांडणं सुरू आहेत.

बहिणाबाई: भांडू दे, भांडायलाच पाहिजे. आणि दळताना हात कोणाचा दुखतो?

पोरगी: कोणाचाच नाही. विजेवर चालतं.

बहिणाबाई: गाणं तर हात दुखायला लागला की येतं गं पोरी. पहाट असते, दळण सरत नाही, डोळ्यावर झोप असते, मग तोंडातून आपसूक निघतं. याला झोप नाही, याचं दळण नाही. याला गाणं कशाला लागतं?

पोरगी: त्याला नाही लागत आजी. आम्हाला लागतं.

बहिणाबाई: तुला दळायचंय?

पोरगी: नाही.

बहिणाबाई: मग तुझं काय सरत नाही?

हे शेवटचं वाक्य लिहायच्या आधी ठरवलेलं नव्हतं. आमच्यातली एक कॉलेजातली मुलगी बहिणाबाईंचं वाचत होती, तिच्या तोंडून ते निघालं आणि पोरगीचं वाचणाऱ्या बाईंना पुढे काही बोलताच येईना. असा उलटा प्रश्न संवादात एकदा तरी आला पाहिजे, जुन्या माणसानं यंत्राबद्दल मत द्यायच्या ऐवजी तुमच्याकडे बघून विचारलं पाहिजे. तो नसेल तर तुम्ही बहिणाबाईंना नुसतं साक्षीदार म्हणून बोलावलंय, तुमचं आधीच ठरलेलं मत वदवून घ्यायला.

पायरी ७: दुसऱ्या बाजूलाही जिंकू द्या

माझी स्वतःची मोठी चूक इथे झाली होती. पहिल्या खर्ड्यात माझ्या बहिणाबाई मोबाइलवर नुसत्या चिडत होत्या, माणसं यंत्रामागे लागली, माती विसरली, असं सगळं. सगळ्यांना आवडलं पण. टाळ्या वगैरे. घरी जाऊन मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि छापखान्याचं गाणं वाचलं, आणि लाज वाटली, कारण त्या गाण्यात यंत्राचा राग कुठेच नाही, उलट कौतुक आहे, डोळे मोठे करून बघणं आहे, आणि टोचणी आहे ती माणसाला. मी बाईंच्या तोंडात माझी चिडचिड घातली होती.

म्हणून आता आमचा नियम आहे, नव्या बाजूचा एक मुद्दा असा पाहिजे ज्याला जुन्या बाजूकडे उत्तर नाही. आमच्या संवादात पोरगी म्हणते, आजी, सोपानदेवांनी लिहून घेतलं नसतं तर तुमचं काहीच उरलं नसतं, तुमच्यासारख्या किती जणी दळता दळता गायल्या आणि गेल्या, त्यांचं कोणी लिहिलं नाही, आज हे यंत्र ऐकून लिहून घेतं, कुठल्याही निरक्षर बाईचं, तिला मुलगा कवी असायची गरज नाही. यावर आम्ही बहिणाबाईंना काही बोलायला दिलं नाही. तिथे फक्त घरोटाचा आवाज आहे. कोणी म्हणेल पळवाट आहे, मला तसं वाटत नाही, खरंच त्याला उत्तर नाहीये.

पायरी ८: चॅटबॉटची मदत घ्यायची का?

घ्या, पण बहिणाबाईंचं बोलणं त्याच्याकडून लिहून घेऊ नका. कारण सांगते. बहिणाबाईंचं जे काही आहे ते एका छोट्या पुस्तकात मावतं आणि लेवा गणबोली इंटरनेटवर फारच थोडी आहे, तेव्हा यंत्राजवळ त्या आवाजाचं धान्यच कमी, मग ते उरलेली जागा भरतं ती सरसकट गावाकडच्या मराठीनं, कुठली तरी 'माय', कुठलं तरी 'लेकरू', आणि दर दोन ओळींनी उपदेश. ऐकायला गोड लागतं म्हणून जास्त घातक.

मी एकदा एका चॅटबॉटला विचारलं होतं की बहिणाबाईंचं अमुक विषयावर काही आहे का, त्यानं चार ओळी दिल्या, कवितेचं नावसुद्धा दिलं. मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. नव्हत्याच त्या ओळी. मला त्या खऱ्या वाटल्या होत्या, आणि मी लहानपणापासून ती गाणी ऐकलेली बाई आहे, तर ज्यानं कधीच वाचलं नाही त्याचं काय होईल?

कामाला कुठे येतं ते पण सांगते. तुमचा खर्डा देऊन विचारा की पोरीच्या बाजूनं अजून काय म्हणता येईल, माझ्या मुद्द्यात भोक कुठे आहे. तिथे ते चांगलं भांडतं. यंत्र कसं चालतं हे समजून घ्यायला पण वापरा, फक्त एकदा दुसरीकडे पडताळून घ्या. आणि एक प्रयोग जरूर करा, त्यालाच विचारा की तुझं काय सरत नाही. उत्तर वहीत उतरवून ठेवा, संवादात घालायचं की नाही ते नंतर ठरवा. आम्ही घातलं नाही.

पायरी ९: खरं आणि कल्पलेलं यात भिंत घाला

हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुकोबांच्या आणि बहिणाबाईंच्या नावावर भलत्याच ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना बघितल्यात तुम्ही, सकाळी सकाळी फुलांच्या फोटोवर छापलेल्या. आपला संवाद तसा फिरायला लागला तर आपण एका बाईच्या खऱ्या शब्दांत भेसळ केली, जी बाई आता येऊन नाही म्हणू शकत नाही. तर एवढं करा:

कल्पलेलं बोलणं फक्त गद्यात ठेवा. बहिणाबाईंच्या नावानं ओवी रचू नका, एकसुद्धा. गद्य कोणी कविता म्हणून खपवू शकत नाही.

खरी ओळ घ्यायची असेल तर छापील पुस्तकातून, शब्द न शब्द जुळवून, आणि कुठल्या गाण्यातली ते त्याच वाक्यात सांगून. इंटरनेटवरून कॉपी नको, तिथे शब्द बदललेले असतात.

'हा संवाद काल्पनिक आहे' ही ओळ फक्त वर एकदा टाकून भागत नाही, कारण लोक मधल्याच तुकड्याचा स्क्रीनशॉट काढतात. म्हणून आम्ही पात्राच्या नावातच घालतो, प्रत्येक वेळी 'कल्पनेतल्या बहिणाबाई'. वाचायला जरा जड जातं, जाऊ दे. वरच्या तुकड्यात मी ते काढलंय, तुम्ही पुढे पाठवणार असाल तर घालूनच पाठवा.

कट्ट्यावर एका काकांनी यावर वाद घातला होता, की प्लेटोनं सॉक्रेटिसच्या तोंडी काय काय घातलं त्याचा कोणी हिशोब ठेवला का. मुद्दा बरोबर आहे. पण सॉक्रेटिसचे शब्द प्लेटोच्या काळात एका बोटानं हजारो लोकांना जात नव्हते. आणि आजही अभ्यासक भांडतायतच की यातलं सॉक्रेटिसचं किती आणि प्लेटोचं किती, ते भांडण आपण कशाला मागे ठेवून जायचं?

पायरी १०: मोठ्यानं वाचा, मग कापा

दोन आवाजांत वाचा, आणि लिहिणारीनं वाचायचं नाही, तिनं ऐकायचं. वाचणारी जिथे अडखळते तिथे पेन्सिलीनं खूण करा. अडखळणं म्हणजे बहुतेक वेळा ते वाक्य बोलण्यातलं नसतं, निबंधातलं असतं. हजार-अकराशे शब्दांचा संवाद वाचायला आठ-नऊ मिनिटं लागतात, त्याहून लांब नको, सतरंजीवर बसलेल्या माणसांचे गुडघे बोलायला लागतात. पहिलं नमस्कार-चमत्काराचं पान जवळपास नेहमीच काढता येतं. आमचा संवाद सुरुवातीला 'आजी, मी भविष्यातून आलेय' असा होता, आता तो थेट 'आजी, हे बघा' पासून सुरू होतो.

शेवट करताना मिटवामिटव करू नका. आमच्या संवादात शेवटी पोरगी विचारते, आजी, मग याला बोलणं म्हणू की नको? आणि बहिणाबाई म्हणतात, दळण आण, बस समोर, ओळ मी घेते. एवढंच.

हे एकदा जमलं की पुढच्या जोड्या डोळ्यासमोर यायला लागतात. तुकोबा आणि बॅकअप घ्या, गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेराव्या दिवशी वर आली अशी श्रद्धा आहे, लोकांच्या तोंडी अभंग होते म्हणून ते उरले असंही म्हणतात, मग साठवण नेमकी कुठे असते, वहीत की कंठात? चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं आणि उत्तरात पासष्ट ओव्या आल्या, म्हणजे काहीही न विचारता आलेलं उत्तर, ती जोडी तर चॅटबॉटसाठीच केल्यासारखी आहे. आणि आमचा पुढचा शनिवार मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'वर आहे, १८१८ मधली कादंबरी, त्यातला तो बनवलेला जीव एका झोपडीशेजारी लपून माणसांचं बोलणं ऐकत ऐकत भाषा शिकतो आणि मग सापडलेल्या तीन पुस्तकांवर माणूस काय असतो ते शिकतो, मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट', प्लुटार्कची चरित्रं आणि गटेचा 'वेर्थर'. आम्ही त्याला चौथं पुस्तक म्हणून बहिणाबाईंची गाणी द्यायचं ठरवलंय, आणि पहिली ओळ कोण घेणार यावर ग्रुपवर तीन दिवस चर्चा सुरू आहे.